आठ भोकांचं यान

बर्लिनला शिकत असताना मी ज्या यानावर काम केलं, ते यान कुठेही जाणार नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वर्षी घरी सांगायला मला फार उशीर झाला होता. तोवर वाशीमला आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटत होतं की मी जर्मनीत माणसं बसवून अंतराळात पाठवायचं यान बनवतोय. बाबांना खरं काय ते साधारण माहीत होतं. पण कोणी अभिनंदन केलं तर ते नाकारायचेही नाहीत. "चालू आहे काम," एवढंच म्हणायचे.

आमच्याकडे होतं ते मॉडेल. माणसांना घेऊन जाणारी पहिलीवहिली यानं तयार होत होती, तेव्हा खऱ्या यानाच्या आधी अशी कितीतरी मॉडेलं बनवली गेली. साध्या जाड पत्र्याची. आत ना तारा, ना यंत्रं, ना बसायला जागा. आकार तेवढा खऱ्यासारखा आणि वजन खऱ्याइतकं. मग त्यांना विमानातून खाली सोडायचं, पाण्यात आपटायचं, पॅराशूट वेळेवर उघडतं का ते बघायचं, समुद्रातून बाहेर ओढायचा खलाशांना सराव द्यायचा. मार यांनी खायचा आणि फोटो दुसऱ्याचे छापून यायचे. आमच्या प्राध्यापकांचा एक सेमिनार याच मॉडेलांवर होता. दर वसंतात ते विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेरच्या एका तळ्यावर जात आणि एक तृतीयांश आकाराचं मॉडेल क्रेनवरून पाण्यात सोडत. ते कसं आपटतं, कसं तरंगतं हे मोजून जुन्या अहवालांशी ताडून बघायचं, असा कार्यक्रम.

२०१४ च्या वसंतात त्या मॉडेलची तयारी माझ्याकडे आली. कंबरेएवढं उंच, खाली रुंद, वर निमुळतं, नारिंगी रंगाचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी बरेच दिवस कोणाला बोललो नाही. ते हुबेहूब आमच्या दुकानातल्या धान्याच्या कोठीसारखं दिसत होतं.

आमचं पत्र्याचं दुकान आहे. बाबा कोठ्या, पेट्या, पाण्याच्या टाक्या बनवतात. ते चौथी शिकले, आई सातवी. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करायचं असतं हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. मी आपला अंदाजाने चालायचो. वर्गात सगळे हसले की हसायचो. सगळे लिहायला लागले की लिहायचो. प्रश्न मात्र विचारायचो नाही. प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही हे कळेल, अशी भीती.

इन्स्टिट्यूटमध्ये नागपूरची एक ताई पीएच.डी. करत होती. तिला जर्मनीत येऊन चार वर्षं झाली होती आणि मला धारेवर धरण्याची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली होती. ती म्हणायची, "हे बघ, विचारलंस तर पाच मिनिटं कळेल तुला येत नाही. नाही विचारलंस तर वर्षभर कळत राहील. निवड तुझी."

मी मान हलवायचो. ती म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर. हीच मान तू प्रोफेसरांसमोर पण हलवतोस."

त्या वसंतात माझ्या दृष्टीने एकच गोष्ट महत्त्वाची होती. प्राध्यापकांच्या गटात मास्टर थीसिससाठी एक जागा होती, एकच. मी अर्ज केला होता. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तळ्यावरची चाचणी होऊ दे. मग बघू." ती जागा मिळाली नसती तर न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत लिफ्टच्या दरवाज्यांवर थीसिस करायची सोय होती. लिफ्टचे दरवाजे वाईट असतात असं मी म्हणत नाही. ते नीट बंद झालेच पाहिजेत. पण घरी काय सांगणार होतो? यानाचं काम सुटलं आणि दारं लावायला गेलो?

म्हणून मी ठरवलं, मॉडेलचं काम असं करायचं की कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात मी ते घासून पुसून काढलं, नटबोल्ट आवळले, जुनी मापं पुन्हा घेतली. सगळं झाल्यावर मला घरची रीत आठवली. बाबा कुठलीही टाकी गिऱ्हाइकाला देण्याआधी पाण्याने भरून रात्रभर ठेवतात. थेंब जरी खाली दिसला तरी टाकी परत ऐरणीवर. मी वर्कशॉपमधला होज, म्हणजे पाण्याचा पाइप, घेतला. मॉडेलच्या वरच्या भागात, म्हणजे खऱ्या यानात माणसं बसतात तिथे, पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. मग बुडाकडे वळलो. तिथे जमिनीखालच्या तळघरासारखा एक बंद पोकळ कप्पा होता आणि त्याच्या कडेला गोल फिरून आठ भोकं होती. दोन युरोच्या नाण्याएवढी. एका भोकात होज लावला तर सात भोकांतून पाणी बाहेर आलं.

मॉडेल जुनं होतं. आधीच्या वर्षांच्या मुलांनी त्याला कुठे कुठे यंत्रं बसवली होती, काढली होती, आणि त्या सगळ्या जागी रबरी बुचं दिसत होती. मला वाटलं, या आठांना बूच लावायचं कोणीतरी विसरलंय. मी फोटो काढून बाबांना पाठवला आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला.

"हे आठ भोकं कायले ठेवले रे?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही बाबा. राहून गेली असतील."

"धान्य ठेवणार आहे काय त्यात?"

"नाही. पाण्यात टाकणार."

"पाण्यात. भोकं ठेवून." बाबांनी मागे वळून दुकानात बसलेल्या कोणाला तरी सांगितलं, "जर्मनीवाले भोकं ठेवून पाण्यात टाकते म्हणते." मागून हसण्याचा आवाज आला. मग ते माझ्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शिक्षणातली एखादी गोष्ट त्यांच्या हाती लागल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "हे पाय, पत्रा जस्ती आहे ना? मग आधी रंग खरवड. आतून ठिगळ लावता येत नसंल तर बाहेरून लाव, पण कड घासून अशी बसव की बोट फिरवलं तर लागलं नाही पाहिजे. आणि कथील घाईनं ओतू नको. पत्रा तापू दे."

आमच्या घरी एक समज आहे. सांगितलेलं काम कोणीही करतं, न सांगता केलेलं काम खरं. माझी आई अजून पाहुण्यांच्या घरी गेली की न विचारता भांडी घासायला घेते. मी तोच समज घेऊन बर्लिनला आलो होतो.

वर्कशॉपचे प्रमुख एक माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, मिशीला कायम लाकडाचा भुसा लागलेले. त्यांचा एक नियम होता. कुठल्याही वस्तूत काही बदल केला तर तिला लाल टॅग बांधायचा आणि दोरीला लटकलेल्या वहीत एक ओळ लिहायची. मला नियम पाठ होता. पण मी करणार होतो ती माझ्या मते दुरुस्ती होती, बदल नव्हे. शिवाय वहीत लिहिलं असतं तर न सांगता केलेलं काम सांगितल्यासारखं झालं असतं.

शुक्रवारी दोनला माइस्टर घरी गेले. मी रंग खरवडला, आठ ठिगळं कापली आणि बसलो. सोल्डरिंगची सामग्री आमच्या दुकानातल्यापेक्षा दहा पट चांगली होती. पाच वाजेपर्यंत आठही भोकं बुजली. मग वरून नारिंगी रंग मारला. बोट फिरवून पाहिलं. लागलं नाही. फोटो पाठवला तर बाबांचं उत्तर आलं, "जमलं." हा शब्द ते वर्षातून दोनदा वापरतात.

मंगळवारी आम्ही तळ्यावर गेलो. हवा थंड होती आणि पाणी त्याहून. धक्क्यावर क्रेन उभी होती. माइस्टर रबरी होडीत बसले, ताई व्हिडिओसाठी कॅमेरा घेऊन उभी राहिली, प्राध्यापक सायकलवरून आले आणि त्यांनी थर्मासमधून स्वतःसाठी कॉफी ओतली. मी दोर धरून उभा होतो. मॉडेल वर गेलं, थोडं डोललं, स्थिर झालं. प्राध्यापकांनी हात खाली केला आणि माइस्टरांनी होडीतून कळीची दोरी ओढली.

मॉडेल सरळ आपटलं. पाणी उडालं, ते खाली गेलं, वर आलं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात ते एका बाजूला झुकलं. थोडं थांबलं, जणू विचार करत होतं. मग तळ्यात लोळणाऱ्या म्हशीसारखं सावकाश कुशीवर वळलं आणि पूर्ण उलटं झालं. निमुळतं टोक पाण्यात आणि रुंद नारिंगी बूड आभाळाकडे. तसंच ते शांतपणे तरंगत राहिलं.

माइस्टर होडीतून म्हणाले, "आल्झो, तर मग, आतले सगळे आता डोक्यावर उभे आहेत."

प्राध्यापकांनी पुन्हा सोडायला सांगितलं. पुन्हा तेच. यावेळी तर ते विचार करायलाही थांबलं नाही.

"हे मॉडेल आजवर एकदाही उलटलं नाही," प्राध्यापक म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी बॅगेतून जुन्या नोंदींची फाईल काढली आणि बोटाने ओळीमागून ओळ बघायला लागले. मग माइस्टरांना हाक मारून विचारलं, "खालचं शिसं यंदा कोणी बसवलं?"

"मी," माइस्टर म्हणाले.

"नक्की जागेवरच?"

मॉडेल सरळ राहावं म्हणून तळाशी शिशाचे ठोकळे आवळलेले असत. ते काम माइस्टर दरवर्षी स्वतः करत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. त्यांनी होडी धक्क्याला लावली, वर चढले आणि म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं हे बसवतोय."

"मला माहीत आहे," प्राध्यापक म्हणाले. "तरी एकदा बघू या."

क्रेनने मॉडेल धक्क्यावर घेतलं आणि माइस्टर त्याच्यापाशी गुडघे टेकून खाली बसले. पान्हा घेऊन एकेक बोल्ट तपासायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते, ते थंडीने की कशाने मला कळेना. मला एवढं कळलं होतं की शिसं जागेवरच असणार. आणि हळूहळू दुसरंही कळत होतं. आठ भोकं. त्यांतून पाणी आत यायचं. तळघर पाण्याने भरायचं, म्हणून बूड जड होऊन खाली राहायचं. मी ते बंद केलं होतं. आता बुडाशी हवेचा फुगा होता आणि फुगा वर येणारच. पाचवीतलं पोरही सांगेल. मी मास्टर्स करत होतो.

ताईने कॅमेऱ्यामागून माझ्याकडे पाहिलं. तिने काही ओळखलं होतं की नाही माहीत नाही, पण मी दोर अजून हातात धरून ठेवला होता आणि दोराला आता काहीच बांधलेलं नव्हतं.

बोललो तर जागा गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. न बोललो तर माइस्टरांची अठ्ठावीस वर्षं आज दुपारी धक्क्यावर मोजली जाणार होती. हा विचार मी फार उदात्तपणे केला असं वाटेल, पण तसं नव्हतं. मला आपलं ते गुडघे टेकून बसणं बघवेना. आमच्या दुकानात गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की बाबा असेच टाकीपाशी बसतात.

"शिसं बरोबर आहे," मी म्हणालो. "भोकं. मी बंद केली."

"कुठली भोकं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"खालची. आठ."

"कशाने?"

"कथलाने. पत्रा लावून."

"का?"

याचं उत्तर मला तयार करायला वेळ मिळाला असता तर मी काहीतरी बरं सांगितलं असतं. तोंडातून निघालं ते असं, "पाणी आत जात होतं."

प्राध्यापकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते त्याला आवरत होते. माइस्टरांना असलं काही आवरायची गरज वाटली नाही, कारण ते हसत नव्हते. ते मॉडेलच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. एकदा गोल, पुन्हा उलट्या बाजूने गोल.

"कुठे?" ते म्हणाले.

मी जागा दाखवली. त्यांनी नख लावून पाहिलं. "हे कुठे शिकलास?"

"घरी. वडिलांचं हेच काम आहे."

"चांगलं काम आहे," माइस्टर म्हणाले. मग उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "टॅग कुठे आहे?"

"नाही."

"वहीत?"

"नाही."

"वर रंगही मारलास. म्हणजे चांगलं काम केलंस आणि ते लपवलंस. मी आत्ता माझ्या शिशाला दोष देत बसलो होतो." एवढंच ते बोलले. त्यांनी गाडीतून हातड्रिल आणलं आणि माझ्या हातात दिलं. "आठ."

मी धक्क्यावर बसून आठही ठिगळं पुन्हा फोडली. इतकी मन लावून झाळलेली की फोडायला पाऊण तास लागला. ताई जवळ येऊन मराठीत म्हणाली, "व्हिडिओ आहे माझ्याकडे. दोन्ही वेळचा. तुझ्या लग्नात लावू."

"ताई, जागा गेली ना?"

"ते मला नको विचारू. ज्यांना विचारायचं त्यांना विचारत नाहीस, मला विचारतोस." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने आवाज खाली केला. "तू बोललास ना? बस. आता ड्रिल नीट धर."

त्यानंतर मॉडेल तीनदा सोडलं आणि तिन्ही वेळा बुडात पाणी भरून घेऊन ते शहाण्यासारखं सरळ तरंगलं. जुन्या नोंदींशी आकडेही जुळले. जाताना प्राध्यापक सायकलवर बसता बसता मला म्हणाले, "उलटलेल्या दोन चाचण्यांचा अहवाल तुम्ही लिहा. जे झालं ते सगळं. सोमवारी घेऊन या."

त्या आठवड्यात बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "पाणी आत घ्यायचंच होतं, तर आधी सांगायचं ना."

"मलाच माहीत नव्हतं बाबा."

"मग विचारायचं ना कोणाला." आणि पुढे, "मी पण विचारायले पाहिजे होतं म्हणा, हे कायले ठेवले म्हणून. विचारलं होतं मी. पण खऱ्या उत्तराची वाट नाही पायली."

अहवाल मी चार वेळा लिहिला. पहिल्या तीन मसुद्यांत 'भोकं बंद करण्यात आली' असं होतं. चौथ्यात 'मी बंद केली' असं केलं. सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत गेलो तेव्हा न्युरेम्बर्गच्या कंपनीला पाठवायचं होकाराचं पत्र मी आधीच लिहून ठेवलेलं होतं.

त्यांनी दोन पानं सावकाश वाचली. "इथे तुम्ही म्हणता, आठही बंद केली तर मॉडेल उलटतं."

"हो."

"सात बंद केली तर?"

मी काहीतरी हुशार दिसेल असं वाक्य शोधायला लागलो. डोक्यात समीकरणासारखं काहीतरी मांडायला घेतलं. मग सोडून दिलं. "माहीत नाही."

"चार?"

"माहीत नाही."

"एका बाजूची चार आणि समोरासमोरची चार यात फरक पडेल?"

"पडेल असं वाटतं. पण किती, माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "जुन्या अहवालांत शोधलं, मला तरी सापडलं नाही. सगळ्यांनी भोकं उघडी आहेत असं धरलंय. पण समुद्रात गाळ असतो, शेवाळ असतं, आपटताना पत्रा चेपतो. काही भोकं बुजणारच. किती बुजली तर चालेल, हे कोणीतरी बघायला हवं." त्यांनी चष्मा काढला. "सहा महिन्यांचं काम आहे. घेता?"

मला एकदम कळलं नाही. "म्हणजे ती जागा..."

"त्या जागेवर बसल्याशिवाय तुम्हाला हे काम कसं करता येईल?"

मी जर्मनमध्ये 'या', म्हणजे हो, म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणालो.

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वेळापत्रक मांडायला घेतलं. इतक्या चाचण्या, दर चाचणीआधी इतकी भोकं बुजवायची, इतकी उघडायची, प्रत्येक बदलाची वहीत नोंद. लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाले, "एक भोक बुजवायला, नीट बुजवायला, साधारण एक तास," आणि तसं लिहिलं.

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. दोन वर्षांत मी त्या खोलीत त्यांचं एकही वाक्य दुरुस्त केलेलं नव्हतं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "नक्की?"

"पत्रा आधी तापू दिला तर वीसच."

त्यांनी 'एक तास' खोडलं.